आईच्या कपाळावरची नागीण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला थोरल्या चुलतीने आईला कुंकू लावलं आणि तिसऱ्या दिवशी कपाळाच्या डाव्या बाजूला फोड उठले. चुलती म्हणजे आईची सख्खी थोरली बहीण. दोघी एकाच घरात दिलेल्या, पण बांधावरच्या आंब्यावरून दोन वर्षं अबोला. यंदा तिने आपणहून बोलावणं धाडलं होतं.

"उगाच न्हाई बोलावलं," आई म्हणाली. "कुंकवातच काय तरी व्हतं."

मी तेव्हा पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. शनिवारी भाटघरला घरी आले, तोवर सारोळ्याकडच्या एका जाणत्याने नागीण ओळखून गेरूचा लेप दिला होता. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आमच्याकडे मानतात. ती पुढे सरकू नये म्हणून लेप नाकापर्यंत थापलेला. आईचा डावा डोळा लाल होता, सारखं पाणी गळत होतं.

"गेरू गेलाय डोळ्यात."

मला ते पटेना. ओल्या फडक्याने लेप पुसला, तर नाकाच्या शेंड्यावरही एक फोड. कपाळावर नागीण आणि नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळा आधी तपासा, असं बाईंनी वर्गात सांगितलं होतं. मी ते मार्कांसाठी पाठ केलं होतं.

"आई, आत्ता भोरला चल. डोळा जाईल."

"आधी तिला जाब इचारते."

चुलती शेजारच्याच अंगणात होती. ऐकून तरातरा आली. "म्या इख कालवलं व्हय? लहानपणी दोघींना एकदमच कांजिण्या आल्या, इसरलीस? तू खाजवू नये म्हणून तुझं हात धरून कोण बसायचं?"

मला हवं ते तिनेच सांगितलं. "आई, हा विषाणू तोच आहे," मी म्हणाले. "कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहिला. शरीराचे पहारेकरी ज्या खुणांवरून परका ओळखतात, त्या तो जवळजवळ दाखवतच नाही. रेशनकार्डावर नाव न लावता घरात राहणाऱ्या माणसासारखा. वयाने पहारा ढिला पडला, की त्याच मज्जातंतूवरून कातडीवर येतो."

"म्हंजे इतकी वर्सं माज्यातच व्हता?" आईने चुलतीकडे रोखून पाहिलं. "मग हिच्यातबी असंल."

"असंल की. चल, यष्टी चुकंल."

चुलतीही आमच्याबरोबर आली. डॉक्टरांनी डोळ्याच्या आत सूज असल्याचं सांगितलं. आणखी उशीर परवडला नसता, असंही म्हणाले. गोळ्या, थेंब, पुन्हा तपासणी. प्रत्येक वेळी चुलती सोबत यायची आणि प्रत्येक वेळी आई तिच्यापासून हातभर अंतर राखून बसायची.

महिन्याने डॉक्टरांनी आईचा उजवा डोळा झाकला. "मावशी, डाव्या डोळ्यानं काय दिसतंय?"

आईने समोरच्या बाकड्यावर बसलेल्या चुलतीकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"हिच्या कपाळावर काय तरी उठलंय."

"डास चावलाय गं बये," चुलती म्हणाली.