रानमोडीचे भारे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आमच्या हिलाही माहीत नाही — आणि तिला तर मी पहाटे किती वेळा खोकलो तेही माहीत असतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि थू म्हणायला समोरही नाही. थांबा जरा. एका दमात नाही सांगता यायचं मला.

मी मूळचा साताऱ्याकडचा. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, पाठीवर गोणी वाहून त्यांनी आम्हाला वाढवलं. मला ते जमलं नाही, मी डोंगर धरला. बेलापूरच्या मागच्या डोंगरावर जंगलखात्याची लागवड चालते, तिथं ठेकेदाराकडं मुकादम होतो. खड्डे काढून घ्यायचे, रोपं लावून घ्यायची, तीन वर्षं जगवायची. ज्याला त्याला सांगायचो — आपण मातीतली माणसं, झाड कसं जगवायचं हे काय आम्हाला शिकवायला लागतं?

आणि मग आली हिराताई. करावे गावची, खाडीत चिंबोऱ्या धरणाऱ्या घरातली. म्हटलं, हिला काय कळणार डोंगरातलं? ठेकेदारानं लागवडीचे तुकडे वाटून दिले होते, त्यातला माझ्या शेजारचाच तिच्याकडं आला. मी माझा तुकडा अंगणासारखा ठेवायचो. करवंद, धायटी, गवत, सगळं कोयत्यानं साफ, आणि मधे रांगेत रोपं. बघणाऱ्यानं वा म्हणावं असं. हिराताई मात्र काही काढायचीच नाही. झुडपांच्या आडोशाला खड्डा घ्यायची, रोप लावायची, की झालं. मी हसायचो. "ताई, ही काय तुमच्या खाडीतली खारफुटी वाटली का?"

हसलो खरा — पण जगलं कुणाचं? तिचं! खैर, आवळा, करंज, सगळे तरारले. आणि माझ्या साफसूफ तुकड्यात आली रानमोडी. ठाऊक नसेल तर सांगतो. बाहेरच्या मुलखातनं आलेलं झुडूप आहे, पाला चुरगळला की उग्र वास येतो, गुरं तोंड लावत नाहीत. दाट सावलीत तिचं काही चालत नाही. पण माणसानं जंगल जिथं उघडं केलं — विजेच्या टॉवरखाली, नव्या रस्त्याच्या कडेला, डेब्रिजचे डंपर रिकामे करतात तिथं — तिथं ती आलीच म्हणून समजा. आणि माझ्यासारखे शहाणे जिथं साफसफाई करतात, तिथंही. मी वरनं कापायचो, ती बुडातनं चौपट फुटायची.

हिराताई पलीकडून सांगायची, "मुकादम, कापून काय व्हनार? फुलाच्या आदी उपटून टाक. न् ती करवंदं राहू दे जरा. त्यांच्या सावलीत ही अवदसा येत नाय."

बरोबर सांगत होती. तेच तर झोंबलं.

जंगलखात्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा तिच्या तुकड्यात अर्धा तास रमले. माझ्याकडं वळून म्हणाले, "मुकादम, या बाईंकडनं शिका काहीतरी." फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांचे अंगठे. मीही अंगठा टाकला — काय करतो?

मग गडीमाणसं बोलायला लागली, हिराताईला हातगुण आहे. तिच्या गावात म्हणे कुणाचं नवं घर झालं की वृंदावनातली पहिली तुळस तिच्या हातची लागायची. हे ऐकलं आणि — जळलो मी. दुसरा शब्द नाही. घरी ताटावर बसलो की घास फिरायचा. एका बाईच्या रोपांना पालवी फुटली म्हणून ज्याला जेवण जात नाही, असा माणूस बघितलाय कधी? तो मी होतो.

आता सांगतो. म्हणजे त्यातलं सोपं आधी सांगतो.

माघात रानमोडी वाळायला लागते आणि तिचं बी तयार होतं. म्हातारी उडते ना हवेत, तसलं पांढऱ्या पिसांचं, हलकं बी. मी माझ्या तुकड्यातली सगळी रानमोडी बियांसकट कापली, भारे बांधले आणि हिराताईच्या तुकड्यात नेऊन एकेका रोपाच्या बुडाशी पसरले. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून पाला टाकतात, तसा. ती दोन दिवस गावाला गेली होती. परत आली तर हरखलीच. "माझ्यासाठी येवढं केलंस रं?" म्हणाली. मी म्हटलं, त्यात काय ताई, शेजारधर्म.

तुम्ही म्हणाल, सावलीत रानमोडीचं काही चालत नाही असं आत्ताच तर सांगितलं. मग तिच्या झुडपांखाली ते बी रुजलं कसं? तिथं ऊन आलं कुठनं?

— तेच सांगायचं मघापासून टाळतोय.

ऊन मी आणलं. त्या आधी, दिवाळी झाल्यावर, मी तिला सांगितलं होतं की साहेबांचा हुकूम आलाय, सगळे तुकडे साफ दिसले पाहिजेत, एक झुडूप ठेवायचं नाही. असा हुकूम कुणी काढलाच नव्हता. माझ्या डोक्यातला हुकूम तो. ती दोन दिवस भांडली माझ्याशी. "सायबानं फोटू याचाच काडला ना? मग आता काय झालं?" मी म्हटलं, "वरनं आलंय ताई, माझ्या हातात काय आहे?" मुकादम सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं तिनं धरलं. स्वतःच्या हातानं करवंदी तोडल्या तिनं. हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. कोयत्याला धार मी लावून दिली.

त्या मृगात ती माझ्यासाठी डब्यात शेवळाची भाजी घेऊन आली. डोंगरातले कोंब ते, निवडायला वेळ लागतो, नीट केली नाही तर घसा खाजतो. कधीपासून खपली असेल ती. का आणली? तर मी पाला टाकला म्हणून तिची रोपं कडक उन्हात तगली. मी सगळी खाल्ली. चांगली झाली होती.

आणि मग पाऊस लागला. पंधरा दिवसांत तिच्या तुकड्यात रानमोडीची रोपंच रोपं! ती उपटायची. एकटी बाई किती उपटणार? ती एका टोकाला पोचेपर्यंत दुसरीकडं गुडघाभर. पुढल्या वर्षी छातीपर्यंत आली. ती वाळलेली रानमोडी म्हणजे निव्वळ सरपण. फाल्गुनात पायथ्याशी कुणीतरी कचरा पेटवला, वारा होता, भर दुपारी आग वर चढली. तिचा सगळा तुकडा गेला. माझ्याकडं जळायला रोपं होतीच कुठं?

साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढी चांगली झुडपं होती, काढायला कुणी सांगितलं?"

एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, "तिचंच डोकं, साहेब. ऐकते का ती कुणाचं?"

ठेकेदारानं तिला कामावरनं बंद केलं. जाताना माझ्याकडं आली. "मुकादम, सायबाकडं माझ्यासाठी शब्द टाकलास का रं?" मी मान हलवली. हो म्हटलं. "उपकार झाले तुझे," म्हणाली. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. "माझ्याच हातानं काडली ना झुडपं. जलला माझा हात तो."

त्याला आता काही वर्षं झाली. मीही काम सोडलं. गेल्या श्रावणात तिच्या सुनेचा फोन आला, सासूबाईंनी बोलावलंय. करावे गावात गेलो. घर नवं बांधलंय, वर भाडेकरू, दारात टाइल्सचं वृंदावन — आणि ते रिकामं. हिराताईनं तुळशीचं रोप माझ्या पुढ्यात धरलं.

"मी आता कुनाला लावून देत नाय," म्हणाली. "माझ्या हाताला येश नाय. तू लाव. माझ्या रोपांना पाला टाकनारा तू. मी इसरले नाय."

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, आणि मी रोप हातात घेतलं. खड्डा केला, माती दाबली, पाणी घातलं. हिराताईनं हात जोडले. तुळशीला जोडले असतील. मी वर बघितलं नाही.

परवा सुनेनं फोटो पाठवला. तुळस कंबरेएवढी झालीय. तिच्या आळीत आणखी दोन घरं नवी झाली. पहिली तुळस लावायला आता ती माणसं मला बोलावतात. हिराताईनंच नाव सुचवलंय माझं. आणि मी जातो.