सासूबाईंचे मामा रेडिओवर गायले तेव्हा

चार्जर मी बरोबरच निवडला होता. आमच्या सासरचे लोक गेली पन्नास वर्षं लग्नकार्यात याच्या उलट सांगत आले आहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुवेतला असलेल्या मेव्हण्याने आमच्या ट्रान्झिस्टरसाठी दोन सेल पाठवले. संपले की परत भरायचे म्हणे. ते भरायचं यंत्र मात्र पाठवलं नाही. त्यातच सासूबाईंचे मामा एका दुपारी रेडिओवर कन्नड भक्तिवचनं गाणार असल्याची बातमी आली. आयुष्यात पहिल्यांदा आणि (मामांचा आवाज पाहता) बहुधा शेवटचं! ऐकायला सासूसासरे अक्कलकोटहून आदल्या दिवशीच आमच्याकडे येऊन बसले. लहानपणी सासूबाईंना याच मामांनी सांभाळलेलं. सासूबाईंनी खास इरकल लुगडं नेसायला काढून ठेवलं होतं.

मी सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या दुकानात गेलो.

"बॅटरी चार्जर हाय का?"

"हाय की. ट्रकचं का ट्रॅक्टरचं?" दुकानदार म्हणाला.

"घरचं."

"घरात ट्रक लावताय व्हय?"

"रेडिओच्या सेलांचं हो."

"मग सेल म्हणा की. बॅटरी म्हंजे येक तर बोनेटाखाली, न्हाय तर रातच्याला हातात."

त्याने दोन परदेशी डब्या काढल्या. एकीत दोन सेलांची जागा होती, दुसरीत चारांची, वर तांबडा दिवा. मी चारांची घेतली. उद्या मेव्हण्याने आणखी सेल पाठवले तर? याला दूरदृष्टी म्हणतात. सासरी याला वेगळा शब्द आहे.

सकाळी डबी लावली. दिवा पेटला. सासरे उकिडवे बसून बघत होते.

"जावईबापू, ही दोन घरं रिकामी का?"

"दोनच सेल आहेत, मामंजी."

"वीज तर चारांची खातंय की."

तेवढ्यात बायको गच्चीवरून मिरच्यांची परात घेऊन आली. परातीत मिरच्यांच्या शेजारी जुने साधे सेल ऊन खात पडले होते. त्या काळी सोलापुरात कोणी सेल टाकून देत नसे. मेलेला सेल चार दिवस उन्हात तापवला की आणखी थोडा वाजायचा.

"हे लावा की," सासरे म्हणाले.

"हे भरायचे नाहीत, साधे आहेत."

"उन्हात ठेवल्यावर भरत्यात का न्हाय?"

"भरतात."

"मग ऊन लई का वीज लई?"

याचं उत्तर ज्याच्याकडे असेल त्याने माझ्या सासऱ्यांसमोर उकिडवं बसून द्यायला हवं होतं. मी सेल लावले.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. आधी फुसफुस ऐकू आली, मग फटाक्! सेलातला काळा मसाला भिंतीवर, मिरच्यांवर आणि सासूबाईंच्या नेसत्या इरकलावर उडाला.

"अहो, पेटलं," बायको ओरडली.

पेटलं काहीच नव्हतं. पण सासरे शेतकरी माणूस, त्यांनी हातातला तांब्या थेट चार्जरवर ओतला. घरातला फ्यूज गेला. मेव्हण्याचे धडधाकट सेलही त्या काळ्या चिखलात गेले.

"मामाचं गाणं," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

आम्ही शेजारच्या यल्लप्पाकडे धावलो. त्याच्या मागाच्या खटखटाटात रेडिओ चालू होता. माग बंद करेपर्यंत निवेदक मामांचं नाव सांगून आभार मानत होता. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. (पदराला मसाला होता. चेहरा काळा झाला. ते सांगायची हिंमत कोणाला झाली नाही.)

"चार्जर चुकीचा आणला," सासऱ्यांनी निकाल दिला. "दोनाचा आणायचा हुता. घर रिकामं ऱ्हायलंच नसतं."

सासूबाईंचं तोंड मला पाहवत नव्हतं. म्हणून दिवाळीत सासूसासऱ्यांबरोबर मामांनाही मीच घरी बोलावलं. ते पेटी घेऊन आले आणि हुकलेलं सगळं गायले. बरंच गायले. यल्लप्पाने मध्येच उठून शेजारी आपला माग सुरू केला. शेवटी खुद्द सासूबाईच माझ्या बायकोच्या कानात कन्नडमध्ये पुटपुटल्या, "साकु, साकु." पुरे, पुरे. मामांनाही दम लागला असावा. त्यांनी पेटीचा भाता दाबला आणि झाकण लावायला घेतलं. पण अपराधी माणूस दाद जरा जास्तच देतो.

"वाहवा, मामा," मी म्हणालो. "आणखी एक होऊ द्या."

मामांनी झाकण परत उघडलं. अख्ख्या घराने माझ्याकडे असं काही पाहिलं, की ती नजर चुकवायला मी डोळे मिटून मान डोलवायला लागलो. मामांना वाटलं मी रंगलोय. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.