कमरपट्टीच्या आतला नंबर

दुसऱ्या महायुद्धातल्या फौजी पॅन्टी गोळा करण्याचा नाद मला आहे, हे जळगावात फार थोड्यांना माहीत आहे. बायको त्यांना ‘तुमची भुतं’ म्हणते. जाड खाकी कापड, पुढे बटणं, कमरपट्टीच्या आत काळ्या शाईत शिपायाचा नंबर. नंबर वाचता आला की माझा आठवडा चांगला जायचा.

या पॅन्टी दुकानात मिळत नाहीत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी धुळ्याची एक बोहारीण असा कपडा माझ्यासाठी बाजूला ठेवायची. मी तिला एकच अट घातली होती: कोणीही विचारलं तरी माझं नाव सांगायचं नाही. दुसरा शौकीन तिच्यापर्यंत पोचू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

तिच्याकडूनच मला माझी सगळ्यात चांगली पॅन्ट मिळाली. नंबर शाबूत, बटणं मूळची. फक्त डाव्या गुडघ्यावर निळ्या लुगड्याचं ठिगळ होतं. आम्हा जमवणाऱ्यांना वस्तू ‘मूळ’ हवी असते. मी ब्लेडनं एकेक टाका उसवला आणि ठिगळ केरात टाकलं.

वर्षभरानं कोणीतरी सांगितलं, नरडाण्याजवळच्या एका खेड्यात फौजी माणसाचं घर आहे, विचारून बघा. मी गेलो. त्या फौजीचा मुलगा, आता ऐंशीच्या घरातले नाना, ओट्यावर बसले होते. म्हणाले, उशीर केलात. वडिलांची एकच पॅन्ट राहिली होती, ती सुनेनं बोहारणीला देऊन टाकली. मग वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतलेला त्यांचा नंबर त्यांनी सलग म्हणून दाखवला.

तो नंबर माझ्या कपाटात होता.

मी काहीच बोललो नाही. आतून सून चहा घेऊन आली. तिनं कप नानांपुढे न ठेवता नवऱ्याच्या हातात दिला, नवऱ्यानं तो नानांना दिला. मला सोडायला फाट्यापर्यंत आलेल्या नानांच्या मुलानं कारण सांगितलं. पॅन्ट जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात चुकून गेली होती. त्याची बायको तीन वेळा धुळ्याला जाऊन बोहारणीच्या विनवण्या करून आली. बोहारीण म्हणे, कोणाला विकली ते आठवत नाही. नानांचा विश्वास बसत नाही. तेव्हापासून ते तिच्याशी बोलत नाहीत, तिच्या हातचं थेट घेत नाहीत.

बोहारणीला सगळं आठवत होतं. तिनं माझा शब्द पाळला होता.

यानंतर मी दोन वर्षं गप्प बसलो. पोस्टानं पाठवू, निनावी पाठवू, असं ठरवायचो आणि पॅन्टीला नवी डांबरगोळी ठेवून कपाट लावून घ्यायचो. ती चांगली होती म्हणून ठेवली, दुसरं कारण नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं हेच आहे.

गेल्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, एका सकाळी मी ती पिशवीत घालून एसटीत बसलो.

नानांनी पॅन्ट मांडीवर उलटी केली आणि कमरपट्टीवर बोट फिरवलं. ‘‘हाईच शे,’’ म्हणाले. मग मी सगळं सांगितलं. बोहारणीला घातलेली अट, त्या दिवशीचा चहा, दोन वर्षं. सून दारात उभी राहून ऐकत होती. नानांचा हात गुडघ्यावर आला आणि थांबला. तिथं त्यांच्या आईनं ठिगळ लावलं होतं, कुठं गेलं, असं त्यांनी विचारलं. उसवून फेकलं, मी म्हणालो. त्याची भरपाई माझ्याकडे नव्हती, आजही नाही.

शेवटी सूनच बोलली. ‘‘भाऊ, तुम्ही आमना घरना चहा पिनात, आनि चूप बसनात?’’

मी हो म्हणालो. तिचं तेवढंच बोलणं मला पुरेसं लागलं. आणि खरं सांगतो, लागलं तसं हलकंही वाटलं. दोन वर्षांत मला जे ऐकायला हवं होतं ते कोणीतरी तोंडावर म्हणालं होतं.

नानांनी पॅन्टीची घडी घातली. मुलाकडे न बघता, दाराकडे बघून म्हणाले, ‘‘पोरी, मनं चुकनं.’’

तिनं पदर नीट केला आणि आत गेली. आत भांडी जरा जास्तच वाजली. थोड्या वेळानं ती स्वतः दोन ताटं घेऊन आली, एक नानांपुढे ठेवलं, एक माझ्यापुढे. शेवभाजी इतकी तिखट होती की डोळ्यांतून पाणी आलं. मुद्दाम केली होती का, ते मी विचारलं नाही. नानांनी तिच्याकडे आणखी अर्धी भाकरी मागितली. मीही मागितली.