टोपण बसवलेलं होतं

पैंजणांचे आवाज, पांढऱ्या साडीतल्या बाया... या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलो. निम्मे लोक अपचनाचे रोगी, उरलेले थापाडे – हे माझं मत अजूनही फारसं बदललेलं नाही. रेडिओ रिसीव्हर बनवण्यात माझी चाळीस वर्षं गेली. तरी आज तुमच्या पंक्तीला बसतोय, कारण एका माणसावर मी खोटा आळ घेतला.

बेंगळुरूत, बोम्मसंद्र्याच्या पुढे एका कॉलेजच्या गच्चीवर सूर्यावरच्या स्फोटांचे रेडिओ सिग्नल टिपणारं यंत्र आम्ही उभारत होतो. मी निवृत्तीनंतरचा सल्लागार. हाताखाली लक्ष्मण – राजाजीनगरचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी, कंत्राटी टेक्निशियन. दुपारचे सव्वाबारा. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट मोजायचा म्हणून अँटेनाची केबल काढून तिथे धातूचं टोपण बसवलं होतं. टोपण असलं की आकाशातलं काही आत येत नाही. आणि पडद्यावर वरून खाली उतरणारा तिरका, ठळक पट्टा उमटला...

“अण्णा, बर्स्ट! सूर्याचाच की हो!”

“टोपण काढलंस का?”

“नाही हो. स्वल्प बघा तरी – केबल तुमच्याच हातात आहे.”

खरंच होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र तपासायला समिती यायची होती. बंद टोपणातून सूर्य दिसला म्हणालो असतो, तर म्हातारा चळला म्हणाले असते. मी नोंदवहीत लिहिलं – ‘लक्ष्मणने न विचारता वेल्डिंग केलं, त्याचा गोंगाट.’ वेल्डिंगचे पट्टे सरळ उभे येतात, तिरके नाही, हे मला पक्कं ठाऊक. समितीतल्या एकाही दीडशहाण्याला ते दिसलं नाही! लक्ष्मणला काढून टाकलं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका वेधशाळेचा आलेख आला. तेच मिनिट, तोच पट्टा. मी तो कुणाला दाखवला नाही.

कुठून तरी गळती झाली असेल, म्हणाल. टोपण, केबल, पेटी – सगळं दहादा तपासलं. मूर्ख नाही मी, भित्रा आहे.

तीन वर्षांनी, गेल्या आठवड्यात, त्याच्या मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानात जाऊन माफी मागितली.

“सरी, ठीक आहे, अण्णा,” स्क्रू आवळतच तो म्हणाला. “माफी दुकानात मागितलीत. आळ तर वहीत आहे की.”

काल कॉलेजात जाऊन वही काढायला लावली. लाल शाईने लिहिलं – ‘वेल्डिंग झालं नव्हतं. टोपण बसवलेलं होतं. तरी पट्टा आला.’ खाली सही केली, फोटो लक्ष्मणला पाठवला.

‘कारण’ या रकान्यात मात्र नुसती आडवी रेघ ओढली. तिथे लिहायला माझ्याकडे खरं असं काहीच नाही.