परसाची राखण

माझ्या यजमानांनी तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. ते दर्यावर आणि मी मिरजोळ्याच्या या परसात, अशी आमची वाटणी होती. वर्षातले दोन-तीन महिने ते घरी असत. तेव्हा झोपाळ्यावर बसून पाहुण्यासारखे पपई खात आणि "यंदा गोड निघाली हो," म्हणत. ती पपई कांडेचोराच्या तोंडून कशी वाचवली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कांडेचोर म्हणजे मांजराएवढं, लांब शेपटीचं जनावर. झाडावर चढून पिकलेलं फळ तेवढं नेमकं काढतं. पपईवर पिवळी रेघ दिसली की मी त्याच दिवशी ती उतरवून तांदळात पुरायची. मी लांज्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. जनावरांपासून पीक राखायला मला कोणी वेगळं शिकवलं नाही.

यजमान निवृत्त होऊन कायमचे घरी आले, त्या वर्षी गणपती गेल्यावर परसात साळिंदर यायला लागलं. एका सकाळी सुरणाची दोन झाडं आडवी पडलेली दिसली. खाली हातभर खड्डा, सुरणाचा कांदा अर्धा कुरतडलेला, आणि शेजारी एक लांब काळा-पांढरा काटा. मी तो उचलून यजमानांना दाखवला.

"एवढा मोठा?" ते म्हणाले.

"जनावर त्याहून मोठं असतं."

शेजारचे भाऊजी गडग्यापलीकडून, चिरे रचलेल्या कुंपणापलीकडून, बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, तारेची फासकी लावून देतो. दोन दिवसांत काम होईल."

"फासकी नको," मी सांगितलं. "तारेला डोळे नसतात. उद्या त्यात कुत्रा अडकेल, नाहीतर बिबट्या. मग तुम्ही-आम्ही दोघंही घरात कोंडून बसू."

यजमान मध्येच म्हणाले, "तुम्ही दोघंही राहू द्या. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ते मांडवी बंदरावर गेले आणि ओळखीच्या माणसाकडून मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं घेऊन आले. दोन दिवस खपून त्यांनी ते परसाभोवती बांधलं. गाठी अशा, की कुठे म्हणून ढिलं नाही. जाळ्याची खालची कड मातीत दाबून वर दगड ठेवले. त्यांचं काम बघत राहावं असं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मग पपई आणि माडांकडे वळले. जहाज बंदराला लागलं की दोरखंडांवर पत्र्याच्या थाळ्या बसवतात, म्हणजे उंदीर दोरावरून जहाजात चढत नाहीत. तसेच पत्रे त्यांनी खोडांना गुंडाळले. गुळगुळीत पत्र्यावर नखं रुतत नाहीत.

"आता तुझा कांडेचोर चढून दाखवू दे," म्हणाले.

"तो पपईवर चढणारच नाही. केळीवर चढेल आणि तिथून उडी मारील. केळ टेकलीय बघा पपईला."

त्यांनी वर बघितलं आणि कोयता आणून टेकलेली पानं उतरवली. त्यानंतर पपईला दात लागला नाही.

जाळ्याचं मात्र वेगळं झालं. चौथ्या दिवशी सकाळी मी भाजी काढायला गेले, तर अळवाच्या कडेला जाळं हलत होतं. आत धामण अडकली होती. चांगली माझ्या उंचीची. सुटायला धडपडून तिने दोरे अंगात आणखीच रुतवून घेतले होते. आमच्याकडे माडाचे उंदीर कमी आहेत ते हिच्यामुळे. मी हाक मारली. यजमान धावत आले आणि चार पावलं मागे सरकले.

"सर्पमित्राला फोन करतो."

"तो येईस्तोवर ती जगायची नाही. धामणीला विष नसतं. तुम्ही गोणपाट भिजवून आणा आणि माझी शिवणाची कात्री."

त्यांनी आणलं. मी ओल्या गोणपाटाने तिचं डोकं झाकलं, वरून हलका हात ठेवला. "शेपटीकडून धरा," म्हटलं, "आवळू नका." त्यांनी धरलं. मी एकेक दोरा कापत गेले. अर्धा तास लागला असेल. दोन ठिकाणी खवले सोलले होते, तिथे रक्त होतं. शेवटचा दोरा तुटला तशी मी गोणपाट काढलं आणि दोघंही बाजूला झालो. ती क्षणभर तशीच पडून राहिली, मग सळसळत गडग्याच्या चिऱ्यांत शिरली.

यजमान मातीतच बसले. आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "थंड नव्हती गो. मला वाटायचं, थंड असेल."

चहा झाल्यावर त्यांनी आपणहून जाळं खालून हातभर वर घेतलं. मी विचारलं, "साळिंदराचं काय मग?"

"ते तू सांग."

मी त्यांना घेऊन गडग्याच्या कडेने चालत गेले. माझे वडील म्हणायचे, साळिंदराची वाट ठरलेली असते, ती बुजवली की निम्मं काम झालं. शेवग्यामागे दोन चिरे ढासळले होते. तिथली माती जा-ये करून गुळगुळीत झाली होती आणि भोकात काट्याचा तुकडा अडकला होता. आम्ही दोघांनी ते भगदाड मोठ्या चिऱ्यांनी बुजवलं, पायाशी दगड गाडले म्हणजे उकरता येऊ नये, आणि बाहेरून करवंदीच्या काटेरी डहाळ्या टाकल्या. आठवडाभराने बाहेरच्या बाजूला उकरल्याच्या खुणा दिसल्या. आत काही नाही. दिवाळीनंतर सुरण काढला तेव्हा भाऊजींच्या घरीही एक कांदा पाठवला.

आता वाडीतले लोक माडांना पत्रे बसवायला यजमानांना बोलावतात. ते मोजपट्टी आणि पत्र्याची कात्री घेऊन ऐटीत जातात. गडगा माझ्याकडे आहे. पावसाळा सरला की त्याच्या कडेने एक फेरी मारते, सैल चिरा दिसला तर बसवते.

गेल्या आठवड्यात मिरचीची रोपं टोचलेली दिसली. मोर यायला लागलेत. यजमानांनी रोप हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"मी बघते," म्हटलं. "तुम्ही रोपांभोवती रोवायला काठ्या तासायला घ्या."