एमआरआयच्या दारातला माणूस

जळगावच्या एमआरआय सेंटरमधला तो माणूस मला एकदाच भेटला, तेही माझ्यावर डाफरायला.

आई हल्ली विसरते, उत्तरं उशिरा देते. म्हणून तिला पहूरहून तपासणीला आणलं होतं. यंत्राच्या खोलीच्या दारात आडवा हात धरून त्याने विचारलं, "अक्का, अंगावर काही लोखंडाचं आहे का?"

"काही नाही हो, सगळं घरीच काढून ठेवलंय," मी म्हणालो.

"तुम्हाला विचारलं का?" त्याने पुन्हा तिलाच विचारलं. मी परत तोंड उघडलं, तर तोच हात माझ्यासमोर आला. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पिन शे ना भाऊ," आणि पोलक्याची पिन काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

तिला आत झोपवून आल्यावर तो माझ्यावर उखडला. "हे चुंबक मेंदूतलं पाणी हलवतं. ते परत ठिकाणावर यायला कुठे किती वेळ लागतो, ते आम्ही बघतो. चरबीपाशी लवकर येतं, मोकळं पाणी उशिरा. त्यावरूनच कुठे काय आहे ते कळतं. घाई केली तर सगळा मेंदू सारखाच दिसेल. एवढं मोठं यंत्र थांबतं, तुम्हाला काय धाड भरलीय?"

मला त्याचा संताप आला. घरी पोचेपर्यंत माझाच आला.

घराच्या दारात आई माझ्या शेजारीच उभी होती, तरी भावाने मलाच विचारलं, "तिला त्रास झाला का रे?"

"तिला विचार," मी खेकसलो. "आणि ती बोलेपर्यंत तोंड उघडू नकोस."