सुलाबाईंची कवळी

ओझरच्या विमान कारखान्यात कोंडाजी गांगुर्डे यांनी बत्तीस वर्षं तयार भाग तपासले. केसाएवढा ओरखडा दिसला तरी भाग बाजूला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी हाती येईल ती वस्तू उजेडात धरून न्याहाळायची खोड गेली नव्हती.

त्यांच्या बायकोनं, सुलाबाईंनी, कवळी बसवून सहाच महिने झाले होते. पण महिनाभर टाळूची आग होत होती, आणि त्या नुसत्या वरण-भातावर आल्या होत्या. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "होईल बरं."

एका दुपारी त्या बेसिनपाशी कवळी धूत होत्या. कोंडाजी मागे जाऊन उभे राहिले.

"जरा बघू दे."

सुलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि कवळी त्यांच्या हातावर ठेवली. भिंगाखाली गुलाबी भाग पार खरवडलेला दिसला.

"कशानं घासतेस?"

"पेस्टनं. दातांना पेस्टच लावतात ना?"

बोलणं पटण्यासारखं होतं, तरी कोंडाजींना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते शहरात द्वारका चौकाजवळ कवळ्या बनवणाऱ्या दिनेशकडे गेले आणि बनवताना बिघडलेली, कुणाच्याच तोंडात न गेलेली एक कवळी मागून आणली. दिनेश हसला. "काका, काय करणार हिचं?"

"तपासणार."

वीस दिवस ते रोज सकाळी तिची उजवी बाजू पेस्टनं घासत, डावी मऊ ब्रशनं आणि हात धुवायच्या साबणानं. उजवी बाजू हळूहळू काचपेपर मारल्यासारखी निस्तेज झाली. डावी तशीच चकचकीत. शेवटी त्यांनी ती उकळत्या पाण्यात टाकून पाहिली, तर इतकी वाकडी झाली की टेबलावर ठेवली की डुगडुगायची.

"म्हणजे पेस्ट बंद, गरम पाणी बंद," त्यांनी सुलाबाईंना सांगितलं. "ओरखड्यांत घाण बसते. पण सगळी टाळू लाल होण्याचं कारण एवढंच नसणार. चल, विचारू."

या खेपेला सुलाबाई निघाल्या. डॉक्टर पल्लवींनी टाळू पाहिली आणि विचारलं, "आजी, झोपताना काढून ठेवता का?"

सुलाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही. यांनी मला बोळकी कधी पाहिलं नाही."

हजारो भाग तपासलेल्या माणसाला घरातली एवढी गोष्ट सहा महिने दिसली नव्हती.

कवळी रात्रंदिवस तोंडात राहिल्यानं टाळूला बुरशी झाली होती. डॉक्टरांनी लावायला औषध दिलं, कवळी घासून गुळगुळीत करून दिली आणि बजावलं, "झोपताना काढायची, साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. धुताना खाली टॉवेल पसरा, हातातून निसटली तर फुटणार नाही."

घरी आल्यावर सुलाबाईंनी आपणहून कवळी काढली. गाल आत गेले, हनुवटी वर आली.

"बघा आता," त्या म्हणाल्या, पण 'बघा'चं भलतंच काहीतरी झालं.

कोंडाजींनी बघितलं, भिंग न घेता. "तुझ्या आईसारखी दिसतेस हुबेहूब."

"फारच कौतुक!" सुलाबाई म्हणाल्या, आणि हसताना तोंडाला पदर लावायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

तीन आठवड्यांत टाळू निवळली. पुढच्या रविवारी त्यांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा केला. शेजारच्या नवसाबाई आल्या, तेव्हा त्यांच्या रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"भाऊ, माझीपण बघता का जरा?"